दागिना की डाग? : प्रेरणा कुणाची आणि नाव कुणाचे

हाताने दागिने घडवायला शिकवणाऱ्या कोणत्याही वर्गात एक प्रश्न हमखास येतो. नवीन काही सुचत नाही, प्रेरणा कुठून घ्यायची? उत्तरही ठरलेले असते. निसर्गाकडे बघा. प्रवास करा. जुन्या मंदिरांच्या खांबांवरची नक्षी कागदावर उतरवा. आजीच्या दागिन्यांचा डबा उघडा.

वरवर पाहता यात वावगे काही नाही. पण हे उत्तर कुणाला समोर ठेवून तयार झाले आहे, एवढेच आम्ही विचारतो. जिच्या आजीला देवळाच्या पायरीला शिवू दिले नाही, तिने त्याच देवळाच्या खांबाकडे प्रेरणा मागायची का? जिचे आई-बाप दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊस तोडायला जातात, तिने प्रवास कशाला म्हणायचे? आणि आजीचा डबा? आमच्या आज्यांच्या गळ्यात फुटका मणीही नव्हता, ही नुसती म्हण नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची ती वस्तुस्थिती आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रेरणा आभाळातून पडत नाही. जातीच्या समाजात प्रेरणेलाही मालकी असते. कुणी कलावंत व्हायचे आणि कुणी नुसता 'स्रोत' होऊन राहायचे, हे आधीच ठरलेले असते. म्हणून दागिने घडवणाऱ्या आमच्या मुलींनी प्रेरणेसाठी उसन्या वैभवाकडे न बघता स्वतःच्या इतिहासाकडे बघावे. तिथे सोने नाही. पण लोखंड आहे, काळा दोरा आहे आणि माती आहे. या तीन वस्तूंत जेवढा अर्थ साठला आहे तेवढा कुठल्याही राजघराण्याच्या पेटीत सापडणार नाही.

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत आणि भोवतालच्या तालुक्यांत आमच्या वस्त्यांमधल्या अनेक मुली हे काम करताना आम्ही पाहतो. कुणी प्लास्टिकच्या बांगडीवर रेशमी दोरा गुंडाळते, कुणी मातीचे कानातले भाजून रंगवते, कुणी काळ्या दोऱ्यात ऑक्सिडाइज्ड पदक ओवते. मणी, हूक, तार असा माल हैदराबादच्या बेगम बाजारातून येतो. विक्री मोबाइलवरून, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, नवरात्रात आणि भीमजयंतीच्या स्टॉलवर होते. २०२५ मध्ये सोन्याच्या तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेला. गरिबाच्या लेकीला लग्नात मणीभर सोने घालणेही जड झाले. तेव्हा अशा दागिन्यांना गिऱ्हाईक आहे. शिवाय शिकून घरी बसलेल्या मुलीला हे काम घरात बसून करता येते.

पण या मुली घडवतात काय? 'पेशवाई नथ', 'पेशवाई ठुशी', 'टेंपल ज्वेलरी', 'रॉयल मराठा कलेक्शन'. वर्गात हेच नमुने दाखवले जातात, मोबाइलवर हेच फिरतात, गिऱ्हाईक हेच मागते. आम्ही मुलींना दोष देत नाही. पोट बाजारावर चालते. तरीही 'पेशवाई' या शब्दाचा आमच्या गळ्याशी काय संबंध होता, हे एकदा तरी उघडपणे सांगितले पाहिजे.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळांनी कसे जगावे ते सांगतो. गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे, मेलेल्याचे कपडे वापरावेत आणि दागिने लोखंडाचे घालावेत. हे बारकाईने पाहा. मनूने दागिना नाकारलेला नाही, त्याने दागिना नेमून दिला आहे. माणूस लांबून ओळखू यावा, त्याच्या अंगावरूनच त्याची जागा कळावी, यासाठी तो दागिना आहे. आमच्या बोलीत दागिन्याला 'डाग' म्हणतात, 'डागडागिने' हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. मनूचे लोखंड दोन्ही अर्थांनी डाग होते.

पेशवाईतली स्थिती बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात नोंदवली आहे. अस्पृश्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हणजे चुकून कुणी सवर्ण त्याला शिवणार नाही. पुण्यात तर कमरेला झाडू आणि गळ्यात मडके, कारण त्याची थुंकी जमिनीवर पडली तर रस्ता बाटेल. काळा दोरा आणि भाजलेली माती! आज फॅशनच्या दुकानात याच दोन वस्तू 'बोहो' आणि 'टेराकोटा' या नावांनी विकल्या जातात. दोऱ्याचा काही गुन्हा नाही आणि मातीचाही नाही. गुन्हा त्या हाताचा होता ज्याने त्या आमच्या गळ्यात बांधल्या.

त्याच ग्रंथात इंदूर जिल्ह्यातल्या बलाई समाजाची हकिकत आहे. ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियातली ती बातमी. पंधरा-वीस गावांतल्या सवर्णांनी बलाईंना नियम घालून दिले. पागोट्याला जरीची किनार नको, धोतराला रंगीत काठ नको, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाईंनी हे मानले नाही तेव्हा त्यांचे विहिरीचे पाणी बंद केले, गुरांचे चरणे बंद केले, शेतातून जाण्याची वाट बंद केली. एका बाईच्या हातातल्या चांदीच्या बांगडीची किंमत अख्ख्या जातीचे पाणी! दागिना म्हणजे नटणे-मुरडणे, त्यात कसले राजकारण, असे म्हणणाऱ्यांनी ही बातमी पुन्हा वाचावी.

आता तारीख जुळवून पाहा. ही बातमी छापून येण्याच्या दहा दिवस आधी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब आमच्या आया-आज्यांशी वेगळे बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, असे त्यांनी सांगितले. गळाभर सरी आणि कोपरापर्यंत चांदीचे नाहीतर कथलाचे गोट-पाटल्या घालणे सोडा, कारण तुम्ही कोण हे त्यावरून लांबूनच ओळखू येते. दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. बायकांनी ते ऐकले आणि तिथल्या तिथे नेसण बदलले.

यावर आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात की, बाबासाहेबांनी दागिने सोडायला सांगितले, मग आपल्या मुलींनी दागिने घडवण्यात काय मोठेपणा? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण बाबासाहेबांचा आक्षेप नटण्यावर नव्हता. तसा असता तर त्यांनी सोन्याचे नावही काढले नसते. त्यांचा आक्षेप खुणेवर होता. हा दागिना मी निवडला की माझ्या जातीसाठी कुणी तो निवडून दिला, हा तो प्रश्न आहे. १९२७ साली बायकांनी गोट-पाटल्या उतरवल्या तेव्हा निवडीचा हक्क पहिल्यांदा त्यांच्या हातात आला. आज त्यांची पणती स्वतःच्या हाताने दागिना घडवते तेव्हा ती तोच हक्क पुढे नेत असते. मात्र एका अटीवर. तिने पुन्हा दुसऱ्याने नेमून दिलेलाच दागिना घडवत बसू नये, मग तो 'पेशवाई' का असेना.

वस्तू तीच राहून तिचा अर्थ उलटा करता येतो का? याचे उत्तर शोधायला नांदेडकरांना गाव सोडावे लागत नाही. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याभोवतीच्या दुकानांत लोखंडाची आणि पोलादाची कडी टांगलेली असतात. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये खालसा स्थापन केला आणि १७०८ मध्ये याच नांदेडात त्यांचा अंत झाला. खालसाच्या पहिल्या पाच जणांत न्हावी होता आणि पाणी वाहणाराही होता. सगळ्यांच्या हातात एकच कडे, आणि तेही लोखंडाचे. मनूने जो धातू हीनपणाची खूण म्हणून नेमला तोच इथे बरोबरीची खूण झाला. शीख समाजातून जात पुरती गेलेली नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण घडवणाऱ्या हाताला यातून जो धडा मिळतो तो खोटा ठरत नाही. धातूला जात नसते, ती चिकटवली जाते, आणि जे चिकटवले ते उपटून काढता येते.

दागिन्यांच्या वर्गात हे शिकवत नाहीत. आकार शिकवतात, रंगसंगती शिकवतात, हूक कसा बसवायचा ते शिकवतात. त्या गोष्टी लागतातच. पण ज्या मुलीला लोखंडाचा, काळ्या दोऱ्याचा आणि मडक्याचा इतिहास माहीत आहे, तिला 'काय करू, सुचत नाही' म्हणून मोबाइल चाळत बसावे लागणार नाही. गळ्यातल्या मडक्याची तिने मातीची पाटी केली, त्यावर अक्षर कोरले, तर तो दागिना बोलेल. काळ्या दोऱ्यात तिने निळा मणी ओवला तर त्याला गाठ कुणी मारली हे विचारावे लागणार नाही.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे सगळा इतिहास अपमानाचाच आहे का? नाही. त्यासाठी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर पाहावे. तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणबरोबर त्याचे नाव आहे, तिथला माल भडोचच्या बंदराकडे जात असे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातले मणी, शंखाच्या बांगड्या, भाजल्या मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती बाहुली आहे. १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात दागिन्यांनी मढलेली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिचे तेर आणि भोकरदनच्या शैलीशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. ज्या मातीला आज मागास म्हणतात, त्या मराठवाड्यातल्या हातांचे काम त्या काळी समुद्रापार जात होते. तेरमध्ये बौद्ध अवशेष आहेत. तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. मंदिराच्या खांबावरून नक्षी घ्या म्हणणाऱ्यांनी आधी त्या खांबाखाली काय होते तेही सांगावे.

बौद्ध परंपरेची आणखी एक गोष्ट दागिने घडवणाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी आहे. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावरचे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असा लेख त्या तोरणावरच आहे. पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेखांत सोनार, लोहार, गंधी यांची नावे दाते म्हणून येतात. म्हणजे हाताने काम करणाऱ्याचे नाव दगडावर लिहावे एवढी त्याची किंमत त्या परंपरेने केली. ब्राह्मणी व्यवस्थेत उलटे झाले. देवाचे दागिने घडवणाऱ्या सोनारांनी दैवज्ञ म्हणवून घेत एकमेकांना 'नमस्कार' म्हणायला सुरुवात केली, तर पेशव्यांनी ते बंद पाडले. पुढे मुंबईत कंपनी सरकारकरवीही तशी बंदी घालवली. हेही बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात दिले आहे. सोन्याला हात लावणाऱ्याची ही गत, मग कातडे, माती आणि लोखंडाला हात लावणाऱ्याची काय कथा! सोने तिथपर्यंत पोचायचे ते राखेतून. अण्णाभाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा मेलेल्यांची राख चाळून सोन्याचे कण काढतो आणि त्यापायी हाताची बोटे गमावतो. सराफ बाजारातल्या गटाराची माती धुऊन कण वेचणारे झारेकरीही आपल्या महाराष्ट्रातलेच. दागिन्यांच्या इतिहासात ही बोटे कुठे आहेत?

इथपर्यंत आम्ही आमच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल बोललो. आता आमच्याही हातून जो होऊ शकतो त्याबद्दल बोलू.

किनवट, माहूर, मुखेड, कंधार, तिकडे लातूरचे जळकोट, अहमदपूर या पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत. केसांच्या बटांना लटकणारी घुगरी-टोपली, गळ्यातली हासली, नाकातली भुरिया, दंडापर्यंतच्या बलिया, कवड्या, नाणी, आरसे. आज 'ट्रायबल कलेक्शन' म्हणून जे काही विकले जाते त्यातले बरेचसे इथूनच उचललेले आहे. पण तांड्यावरच्या बाईसाठी हा पोशाख नव्हता, ती तिची बँक होती. घर नाही, सातबारा नाही, मग कमाई अंगावरच बाळगायची. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी कित्येक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडले. दुष्काळ आला, मुलीचे लग्न निघाले, दवाखाना लागला की चांदी सराफाकडे जाते. सराफ ती वजनावर घेतो आणि वितळवतो. पैसे मिळतात ते धातूचे, घडणावळ शून्य. जुन्या हासलीबरोबर तिचा नमुनाही भट्टीत जातो. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. दुष्काळाच्या अशा वर्षांत किती तांड्यांवरच्या किती पेट्या रिकाम्या होतात, याची मोजदाद कोण करतो?

आणि मग शहरातला कुणीतरी त्या दागिन्याचा फोटो पाहतो, जर्मन सिल्व्हरमध्ये त्याची नक्कल करतो आणि खाली लिहितो, 'बंजारा संस्कृतीपासून प्रेरित'. या 'प्रेरित' शब्दाने सगळे हिशेब मिटतात! जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि नाव मात्र घेतले नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. महाराष्ट्राची अस्मिता दुखावली म्हणून सगळे बोलले. पण ती चप्पल ज्या चर्मकारांनी आणि ढोरांनी घडवली त्यांची जात किती जणांनी उच्चारली? मिलानवाल्यांनी कोल्हापूरचे नाव गाळले, आपण चांभाराचे गाळतो. फरक एवढाच.

म्हणून आमच्या मुलींना आमचे स्पष्ट सांगणे आहे. तांड्यावरचा नमुना घ्यायचा असेल तर तांड्यावर जा. त्या दागिन्याचे गोरमाटी नाव विचारा, तो कोण घालते, कधी घालते, कधी उतरवते ते विचारा. विकताना ते नाव लिहा. तांड्यावरची बाई शिवणकाम, कवडीकाम करत असेल तर तिला कामात घ्या आणि तिची मजुरी तिने सांगितलेली द्या. हे जमत नसेल तर तो नमुना सोडा. ज्यांचे सगळे न विचारता घेतले गेले त्यांनी दुसऱ्याचे न विचारता घेऊ नये.

याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या जातीचेच घडवावे, असा अजिबात नाही. तो तर मनूचाच मार्ग झाला. जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांचे म्हणणे इथे आठवले पाहिजे. सरकारची दृष्टी मात्र फिरून तिथेच येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. सोनार आहे, कुंभार आहे, लोहार आहे, चर्मकार आहे. गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेले कौशल्य जपणे, हा योजनेचा जाहीर हेतू आहे. बापाचा धंदा पोराने चालवावा, याला जात नाही तर काय म्हणायचे? तमिळनाडू सरकारने याच कारणाने २०२४ मध्ये ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. आणि जिच्या घरात कुणीच सोनार नव्हते, जी स्वतःच्या हिकमतीवर मणी-दोऱ्याचा दागिना घडवते, तिच्या कामाचे नाव त्या अठरांच्या यादीत नाही. आमच्या दृष्टीने खरी नवी कलावंत तीच आहे, कारण ती बापाच्या धंद्यातून आली नाही, आवडीतून आली.

तिला कलावंत म्हणायचे तर तिच्या घडणावळीचाही हिशेब केला पाहिजे. समजा मातीच्या कानातल्यांची जोडी तिने ८० रुपयांना विकली. माती, रंग, हूक, डबी यांत ३० गेले. मळणे, घडवणे, भाजणे, रंगवणे मिळून दोन तास लागले. तासाला पडले २५ रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे आठ तासांचे धरले तर तासाला ३९. रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या बाईपेक्षा माती घडवणारी बाई स्वस्त! कल्पनेचे, रात्री जागून काढलेल्या चित्राचे मोल तर यात धरलेलेच नाही. सराफ घडणावळ लावतो तेव्हा कुणी घासाघीस करत नाही. वस्तीतल्या मुलीने लावली की 'घरीच तर करतेस' म्हणतात. स्वतःच्या श्रमाला किंमत लावायची लाज वाटणे ही जातीनेच दिलेली सवय आहे. ती आधी मोडली पाहिजे.

आणखी दोन आक्षेप राहतात. पहिला असा की, अशोकचक्राचे, पिंपळपानाचे, 'जय भीम'चे लॉकेट करून बाबासाहेबांना बाजारात उभे करता का? आमचे उत्तर असे की, धोका आहे, पण तो लॉकेटात नाही, आळसात आहे. हजार दुकानांत तेच साच्यातले चक्र मिळत असेल तर त्यात निर्मिती कसली? बौद्ध पद्धतीच्या लग्नात काळ्या पोतीची गरज नाही, तरी घरोघरी ती घातली जाते, कारण तिच्या जागी काय हे कुणी घडवून दाखवलेले नाही. बाईच्याच गळ्यात नव्हे, तर वधू आणि वर दोघांच्या अंगावर सारखाच शोभेल असा एक दागिना आमच्या मुली घडवू शकत नाहीत का? ज्या बुद्धमूर्तीला आपण वंदन करतो तिचे कान लांब आहेत, ते राजपुत्रपणी घातलेल्या आणि पुढे उतरवून ठेवलेल्या जड कुंडलांमुळे, असे मानले जाते. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी मुकुट आणि मोत्यांच्या माळांनी सजलेला आहे. घालणे आणि उतरवणे, दोन्ही आपल्या परंपरेत आहे. घडवणारीने या दोन चित्रांसमोर तासभर बसावे. तिला वर्षभर पुरेल एवढे सुचेल.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. खूण अंगावर बाळगणे आजही सुरक्षित नाही. २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा जीव घेतला गेला. २०१८ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात दलित मुलाने मोजडी आणि गळ्यात साखळी घातली म्हणून त्याला मारले. नांदेडजवळ बोंढार हवेलीत २०२३ च्या जूनमध्ये काय झाले ते या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. अशा जिल्ह्यात निळ्या मण्यांची माळ घडवणे आणि ती गळ्यात घालून बसस्टँडवर उभे राहणे ही साधी हौस नाही. कुणी घालावी, कुणी घालू नये, हे आम्ही सांगणार नाही. पण ती घडवणारीला हे माहीत असावे, की तिच्या हातून जे जाते त्याला वजन आहे.

तेव्हा करायचे काय? आपल्या वस्तीतल्या सत्तरीच्या पुढच्या बायांकडे वही घेऊन बसावे. त्यांच्या अंगावर काय होते, कशाचे होते, कुठे गेले, कुणाकडे गहाण पडले आणि सुटले नाही, ते लिहावे. गोट, वाळे, सरी, जोडवी, मासोळ्या, ज्याचे जे नाव असेल ते त्यांच्याच तोंडचे लिहावे आणि शेजारी चित्र काढावे. वही बुद्धविहारात ठेवावी, म्हणजे ती एकीची न राहता सगळ्यांची होईल. वर्षातून एकदा तेरला जावे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि त्याच्या लातूर उपकेंद्राने वस्त्या आणि तांड्यांवरच्या दागिन्यांची नोंद हाती घ्यावी, अशी आमची मागणी आहे. भट्टीत जाण्याआधी निदान फोटो तरी उरावा. आणि घडवलेल्या प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठीवर स्वतःचे नाव आणि गाव लिहावे. सांचीच्या कारागिरांनी लिहिले, तसेच.

सोनाराने कान टोचले की दुखत नाही, असे म्हणतात. आमचे कान तर हजारो वर्षे इतरांनीच टोचले आणि टोचून वर लोखंड अडकवले. आता सुई आमच्या मुलींच्या हातात आहे. त्या काय घडवतात यापेक्षा ते कुणाच्या सांगण्यावरून घडवतात, याकडे आमचे लक्ष राहील.

जय भीम!